मुदतवाढीची दवंडी

अकोल्याच्या त्या गल्लीत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. ओळीतल्या तीन घरांना दारंच नव्हती. रिकाम्या चौकटींत गोणपाट लोंबत होतं.

साल साठ-बासष्टच्या सुमाराचं. घरांसाठी लोन देणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या अमरावती ऑफिसात मी इन्स्पेक्टर होतो. ही सगळी घरं आमच्याच लोनमधून उभी राहिलेली, म्हणून आमच्याकडे तारण. तारण म्हणजे पैसे फिटेपर्यंत राहणार तुम्ही, पण हुकूम आमचा. वामन तायडे कामाला होते ती गिरणी बंद पडली, हप्ते थकले, आणि आमच्या ऑफिसने गल्लीत त्यांच्या घराच्या लिलावाची दवंडी पिटली. मी आलो होतो त्या घराचं व्हॅल्युएशन करायला.

शेजारी पुंडलिकराव पोस्टमन राहायचे. हप्ता कधी चुकवला नाही असा माणूस. त्यांचंही दार गायब!

"पुंडलिकराव, दार कुठंय?"

"सासरवाडीले धाडलं. परतवाड्याहून आनलेलं सागवान हाय साहेब. घर नेसान त न्या, दार त वाचन."

"अहो, पण तुमचं घर कोण नेतंय?"

"आज तायड्याचं वाजलं, उद्या आमचं वाजन. तुमचा काय भरवसा?" त्यांनी चौकटीतलं गोणपाट सारखं केलं. "कोनाच्या वरातीचं डफडं वाजलं तरी बायको देव बोचक्यात बांधते. लेकरं झोपून नाई राहिले."

तायड्यांच्या घराला मात्र दार होतं. तायडे उंबऱ्यावरच बसले होते.

"तुम्ही नाही काढलं?"

"कसं काढू साहेब? माह्या दारावर तुमची नोटीस चिकटवली हाय."

ते हसले, पण नजर दारावरून हलेना. त्यांना एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम लागलं होतं. पगार निम्मा. हप्ता लहान करून दिला तर झेपेल, म्हणाले.

अमरावतीला परतून मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

"तारणाला हात लावला? सगळ्या गल्लीवर जप्ती लावा!"

साहेब भडकले होते. तरी बोललो. "साहेब, बिनदाराची घरं घेणार कोण? बाकीचे लोक चौकटीही उपटून नेतील. तायड्यांना मुदतवाढ द्या." मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे. देणं तसंच राहतं, हप्ता लहान होतो आणि वर्षं वाढतात.

"आणि उद्या सगळेच मागायला आले तर?"

मलाही तीच धास्ती होती. "येतील. पण आज ते मागत नाहीयेत साहेब, पळताहेत."

शेवटी त्यांनी मुदतवाढीच्या कागदावर सही केली. "बुडालं तर तुमची नोकरी गेली समजा."

"आणखी एक. याची दवंडीही पिटू द्या."

"मुदतवाढीची दवंडी? कुणी ऐकलीय?"

"लिलावाची सगळ्यांनी ऐकलीय, म्हणून म्हणतो."

दवंडीवाला तोच होता. डफावर पहिली थाप पडली आणि गल्ली ओस झाली. पुंडलिकरावांची बायको रिकाम्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभी राहिली, दारासारखी.

"ऐका हो ऐका! वामन तायड्याच्या घराचा लिलाव होनार नाई हो!"

कुणी हललं नाही. तो पुन्हा पुन्हा ओरडला, तरी नाही. शेवटी मी तायड्यांकडून तांब्याभर पाणी घेतलं आणि दारावरची नोटीस ओली करून नखांनी खरवडून काढली. तेव्हा कुठे एकेक जण बाहेर आला.

तायड्यांनी लहान हप्त्यांनी सगळं फेडलं. माझी नोकरी वाचली. दोन घरांची दारं बैलगाडीतून परत आली. पुंडलिकरावांचं आलं नाही.

"दवंडी उलटी फिरली साहेब," ते म्हणाले, "तशी पुन्हा सुलटी बी फिरन."

त्यानंतर थकबाकीदाराच्या गल्लीत दवंडीवाल्याच्या आधी मी स्वतः जाऊ लागलो. दवंडी पिटतात एका घरासाठी, पण घाबरते सगळी गल्ली.

पुंडलिकराव गोणपाटाआड राहून वेळच्या वेळी हप्ते भरत राहिले. शेवटची पावती हातात पडली तेव्हा त्यांनी दार आणून बसवलं. तोवर चौकट वाकली होती. दार पुरतं लागेना.