मनगटावरचं आळं

वैद्यांच्या दवाखान्यात माझ्या आधी सुमनताईंचा नंबर होता. त्या पाच घरी पोळ्या करायला जातात, हे बाकावर बसल्या बसल्या कळलं. आमचं दुखणं एकच. मनगट ठणकतं, बोटांना मुंग्या येतात. मी दिवसभर कीबोर्ड बडवतो आणि त्या कणीक मळतात, एवढाच फरक.

उपचार साधा होता. मनगटावर उडदाच्या पिठाचं आळं करायचं, त्यात कोमट तेल भरायचं आणि अर्धा तास हात हलवायचा नाही. तिथल्या मदतनीस मुलीने खाटेवर अवघडून आडव्या झालेल्या सुमनताईंच्या मनगटावर तेल ओतलं आणि ते एका बाजूने झिरपायला लागलं.

"पीठ सैल भिजवलंयस गं. आण ती परात इकडे."

"अहो काकू, हात हलवायचा नाही!"

तोवर त्या उठून बसल्याही होत्या. गळकं आळं काढून परातीत टाकून, कोरडं पीठ भुरभुरून त्याच दुखऱ्या हाताने मळू लागल्या. ओठ घट्ट मिटलेले, पण मघाचं अवघडलेपण चेहऱ्यावरून गेलेलं. ज्या हाताला आजवर कुणी "थांब" म्हटलं नाही, त्याला थांबायला तरी कसं जमावं? आणि मी तरी घरी ताटावर बसून पोळ्या वाढणाऱ्या हाताला कधी तसं म्हटलंय?

मग शेजारच्या खाटेवर मला घेतलं. माझ्या मनगटावर सुमनताईंनी मळलेल्या पिठाचं आळं बसलं. अर्धा तास मी निवांत पडून होतो. तेलाचा एक थेंबही गळला नाही.