न उघडलेली बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्यापासून मी एरवी काही लपवत नाही.

पेडण्यातला माझा दवाखाना अजून डोळ्यांपुढे येतो. खाली पावाची भट्टी, संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, एप्रिलमध्ये गावभर काजूच्या बोंडांचा वास. काय दिवस होते ते! त्वचेची डॉक्टर म्हणून मला मान होता, आणि — खरं सांगू? — तो मला फार आवडायचा.

अशाच एका एप्रिलात धारगळची सुमन चार वर्षांच्या वैशूला घेऊन आली. पोरीच्या मांड्यांवर, दंडांवर फोड. शेजारीपाजारी म्हणत होते, काजूच्या टरफलाचं तेल लागून भाजलं असेल. पण जुन्या फोडाभोवती नवे फोड गजऱ्यासारखे उठलेले दिसले आणि मी ओळखलं — शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलंय. किती खूश झाले मी स्वतःवर!

खात्रीसाठी दंडावरची कातडी एकदाच कापून तिचे दोन तुकडे करायचे असतात. एक फॉर्मेलीनमध्ये जातो, दुसरा वेगळ्या द्रवात. या दुसऱ्याला फॉर्मेलीन लागलं की तपासणी फुकट. वैशू किंचाळत होती, सुमनने तिला छातीशी आवळून धरलं होतं, आणि मी घाईत —

दुसऱ्या तुकड्याचा अहवाल आला: काही आढळलं नाही. मी फ्रीज उघडला. वेगळ्या द्रवाची बाटली तशीच, सीलबंद. दोन्ही तुकडे मी फॉर्मेलीनमध्ये टाकले होते.

सुमनला एवढंच म्हटलं, पुन्हा कापावं लागेल. ती पांढरीफटक पडली.

"दाक्तर, मियां पालो वाटून लायलो, तेच्यामुळां तर न्हय मा?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणाले, "हो."

दुसऱ्यांदा कापताना ती पोरीपेक्षा जास्त रडली. या वेळी निदान पक्कं झालं. गोळ्या सुरू झाल्या, वैशू बरी झाली. माझं नाव झालं.

गेल्या महिन्यात दोघी बाजारात भेटल्या. वैशू आता कॉलेजात जाते. सुमनने कौतुकाने तिची बाही वर केली, दंडावरचे दोन व्रण दाखवले.

"हो एक दुखण्याचो, आनी हो माज्या पिशेपणाचो."

आईच्या त्या वेडेपणाला वैशू हसली. मीही हसले. हसले मी — कळतंय ना? सुमनने भाजलेल्या काजूंची पुडी माझ्या पिशवीत घातली. मी ती घेतली. घरी येऊन काजू खाल्लेही.