दादाची पेज

माझा मोठा भाऊ स्वमग्न आहे. आई गेल्यावर, तो रोजची कामं स्वतः किती करू शकतो हे पाहायला एक मानसतज्ज्ञ बाई आमच्या दिंडोशीच्या घरी आल्या.

"भूक लागली की काय करता?" त्यांनी दादाला विचारलं.

"त्याला गॅससुद्धा पेटवता येत नाही," बाबांनीच सांगून टाकलं.

दादा उठून स्वयंपाकघरात गेला. त्याने तांदूळ धुतले, गॅस पेटवला आणि पेज शिजेपर्यंत ढवळत उभा राहिला. त्या वासाने मला शाळेच्या दिवसांतल्या सकाळी आठवल्या. आई पेज करायची आणि दादा ओट्यापाशी उभा राहून तिचे हात बघत असायचा.

बाबांनी एक घोट घेतला. "आईनं कधी शिकवलं रे तुला हे?"

"रोज," दादा म्हणाला.