माझ्या वतीने बोलणारी माणसं

माझं लग्न ठरल्याची बातमी मला फोनवरून कळली. पूर्वी माझ्यासोबत राज्याच्या संघात खेळलेली एक मैत्रीण आता दक्षिणेतल्या एका क्लबकडून खेळते. तिचा सकाळी फोन आला आणि हॅलोसुद्धा नीट न म्हणता ती म्हणाली, "काय गं, एवढी मोठी गोष्ट आम्हाला दुसऱ्यांकडून कळावी? अभिनंदन." मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या आमच्या कॉलनीत, बास्केटबॉलच्या कोर्टावर घामाने निथळत उभी होते. विचारलं, कशाचं? तर म्हणे, लग्नाचं. त्यांच्या कोच बाईंना चेंडू पुढे आणून खेळ मांडणारी मुलगी हवी होती. त्यांनी माझ्यासाठी माझ्या एजंटला फोन केला. एजंटने सांगितलं, यंदा तिचं लग्नाचं चाललंय, यंदा नको, पुढच्या वर्षी बघा. मग ती जागा दुसरीला गेली, आणि कॅम्प सुरूसुद्धा झाला.

माझं डोकंच सणकलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी कुठल्याच क्लबकडे नव्हते. एक सीझन असाच गेला होता. त्या काळात मी काय केलं ते मलाच ठाऊक. सिमेंटच्या कोर्टाने गुडघा पुन्हा दुखेल म्हणून आधी नुसते जिने चढले, मग मैदानात चालले, मग पळाले, मग कुठे चेंडू हातात घेतला. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, सध्या काय करतेस? मी सांगायचे, बास्केटबॉल खेळते. त्या म्हणायच्या, ते झालं गं, पण करतेस काय? त्यांना उत्तर द्यायला मला फक्त एक कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. ते दारापर्यंत आलं होतं आणि माझ्याच माणसाने त्याला परत पाठवलं होतं.

आता हा एजंट कोण, ते सांगायला हवं. आमच्याकडे एजंट म्हटलं की प्लॉट विकणारा, नाहीतर लायसन्स काढून देणारा. हे तसे नव्हेत. हे मनमाडचे, स्वतः चांगले खेळाडू, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी पोरापोरींना यांनी क्लब मिळवून दिले. मला शाळेच्या संघातून उचललं ते यांनीच, हे मी आजही नाकारत नाही. पण माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. ताईच्या लग्नात मुलीच्या मागे मामा म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न आला तेव्हा हे पुढे झाले. अंतरपाट धरलेला, ताई पाटावर, आणि तिच्या मागे हे, डोक्याला फेटा. त्या दिवसापासून ते आमचे मामा झाले. भाऊबीजेला येतात, आई ओवाळते. त्यामुळे माझं त्यांच्याशी काही लिहिलेलं नाही, सही नाही, काही नाही. सगळं घरचं. आणि घरचं असलं की तक्रार कुणाकडे करायची?

बंगळूरच्या एका एजंट बाईंचा मला आधीच फोन आला होता. गुडघ्याचे रिपोर्ट मागितले, सामन्यांचे व्हिडिओ मागितले, आणि त्यातल्या माझ्या चुका मला सांगितल्या. मला ते आवडलं होतं. घरी विषय काढला तर आई उसळली. "ना ओळख ना पाळख, त्या बाईला काय तुझी माया? मामाला सोडून तिच्याकडं जायचं? उद्या मी कोणत्या तोंडानं ओवाळू?" आई निफाडकडची, चिडली की तिचं माहेरचं बोलणं बाहेर येतं. वडील वीजकेंद्रातून ड्युटी करून आलेले, ते म्हणाले, जेवून घेऊ आधी. आमच्या घरात निर्णय असेच पुढे ढकलले जातात. मीही गप्प बसले होते, कारण मामांचं वाईट वाटेल ही भीती मलाही होतीच.

मैत्रिणीच्या फोननंतर मात्र मला गप्प बसणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी मामा जेवायला आले. आईने मटणाचा रस्सा केला होता, त्यांच्यासाठी बाजरीच्या भाकरी. त्यांची पहिली भाकरी संपेपर्यंत मी थांबले, एवढी रीत मी पाळली. मग सरळ विचारलं, "मामा, तुम्ही त्या क्लबला माझं लग्न आहे म्हणून सांगितलं?"

मला वाटलं होतं ते गडबडतील, नाही म्हणतील. कसलं काय. रस्सा वाढून घेत म्हणाले, "हो, सांगितलं. निफाडचं स्थळ आहे. द्राक्षबाग आहे, मुलगा शिकलेला. ऐन बघायच्या वेळेला तू दोन राज्यं पलीकडे असलीस तर कसं व्हायचं?"

"तुम्ही माझे एजंट आहात का नाही?"

"अगं, हे मी एजंट म्हणून नाही, मामा म्हणून केलं."

"पण फोन एजंटला आला होता."

यावर ते हसले, लहान मुलीच्या बोलण्यावर हसतात तसं. मला भयंकर राग आला. कॉलनीतलाच एक मुलगा यांनीच परदेशात खेळायला पाठवला, त्याचंही लग्नाचं वय झालं होतं. त्याच्या क्लबला कुणी सांगितलं का, थांबा, आधी याला मुलगी बघू द्या? ते मी तोंडावर बोलले. वडील ताटात बघत होते. मामा हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "माझ्यावर कशाला डाफरतेस? मी मनानं नाही सांगितलं. तुझ्या आईनंच फोन करून सांगितलं होतं, यंदा पाठवू नको म्हणून."

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होती. तिने नाही म्हणावं म्हणून मी थांबले. ती नाही म्हणाली नाही. म्हणाली, "तुझा पाय प्लास्टरमधी होता तवा तुला मोरीत कोण उचलून नेत व्हतं? क्लबवाले आले व्हते का? मला परत तसं नाय बघवायचं." तिचा आवाज भरून आला होता, आणि माझा राग तसूभरही कमी होत नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला. तिने मला उचललं होतं, हे खरं होतं. मामांनी मला वर आणलं, हेही खरं होतं. म्हणून काय दोघांनी मिळून माझं आयुष्य आपसात ठरवून टाकायचं, आणि मी रोज पहाटे उठून गुडघ्याला पट्टी बांधून पळत राहायचं, येणारच नाही त्या फोनची वाट बघत?

"मला विचारायचं होतंस," मी म्हणाले.

"तू नाय म्हणाली असतीस," आई म्हणाली.

मामा बाहेर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "यापुढे माझ्यासाठी क्लबशी तुम्ही बोलू नका." ते म्हणाले, रागात आहेस, आठवडाभराने बोलू. मी म्हटलं, आठवड्याने बोला, वर्षाने बोला, मी हेच सांगेन. ते आईचा निरोप न घेता गेले. असं ते आजवर कधी गेले नव्हते.

मग मी परत स्वयंपाकघरात आले आणि आईसमोरच, स्पीकरवर, बंगळूरला फोन लावला. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की यंदाच्या बहुतेक जागा भरल्यात, कुणी जखमी झालं तरच काही होईल, आशा लावून बसू नका. मी म्हटलं, चालेल. त्यांनी माझा पत्ता विचारला, उंची विचारली. मग म्हणाल्या, "तुमचा फोन लागला नाही तर घरी कुणाशी बोलू? आईचा नंबर द्या."

आईने थापत असलेली भाकरी तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"घरी कुणाशी नको," मी म्हणाले. "नाही लागला, तर परत मलाच लावा."