काथ्यावरची रेघ

बाजारामागच्या रस्त्यावर त्या नवरा-बायकोचं मिळून एक दुकान होतं. डावीकडे तो गाड्यांची इंजिनं उघडायचा, उजवीकडे ती गाड्यांच्या सीटा शिवायची. त्याला सगळे कानसेन म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत कुठल्या बेअरिंगचं काय दुखतंय ते तो बसल्या जागी सांगायचा. तिच्यासाठी नाव शोधायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, ती नुसती गादीवाली. सत्तावीस वर्षं दोघं इंजिनाच्या आवाजावरून ओरडत बोलली. शेजारच्या टायरवाल्याला वाटायचं यांचं सदानकदा भांडण चालू आहे, आणि निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

मग एका सकाळी तोंड धुताना त्याच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला तो वर आलाच नाही. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय जेमतेम राहिला आणि शब्द सगळे जाऊन एकच उरला, "तेच". पाणी हवं तरी तेच, दिवा बंद कर तरी तेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, सांगता येत नाही एवढंच. जणू ते 'एवढंच' काही कमी होतं.

पहिले दोन महिने त्याने जीव तोडून प्रयत्न केले. नंतर त्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई पायऱ्या चढायला लागल्या की तो डोळे मिटून घ्यायचा. शेवटी त्या यायच्या बंद झाल्या. दुकानातली त्याची बाजू आठ महिने बंद होती, आणि तिला आपल्या बाजूचं मशीन चालवायची लाज वाटायला लागली होती. जेवणाचं ताट तो डाव्या हाताने हळूच बाजूला सारायचा. आदळआपट करत असता तर तिला बरं वाटलं असतं. हे सभ्यपणे नको म्हणणं तिला घाबरवायचं.

एकदा चादर बदलताना तिच्या हाताला गादीत गाठ लागली. आयुष्यभर गाद्या भरलेला हात तो, गाठ कसली ते बघितल्याशिवाय थोडाच राहतो. उशाशी शिवण उसवलेली होती आणि आत एकोणीस गोळ्या होत्या. रोज तिने त्याच्या तोंडात घातलेल्या, वर पाणी पाजलेलं. तो औषध चुकवत होता की साठवत होता, हे विचारायची तिची छाती झाली नाही. विचारलं असतं तरी उत्तर एकच मिळणार होतं. तिने गोळ्या मोरीत ओतल्या, शिवण घातली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोळीनंतर त्याच्या जिभेखाली बोट घालून बघायला लागली. नवऱ्याच्या तोंडात बोट घालताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यालाही होत असणार.

त्याच आठवड्यात टायरवाल्याने सांगितलं की गावाबाहेरचा एक निवृत्त, जमिनी मोजणारा मोजणीदार जुनी गाडी विकायला काढतोय. गोल दिव्यांची, फुगीर बॉनेटची, ही दोघं तरुण असताना रस्तोरस्ती दिसायची तीच. थोडं काम आहे म्हणे. त्या मॉडेलवर कानसेनचा फार जीव. आपली अशी एक असावी हे तो लग्नाआधीपासून म्हणायचा. तिच्या डोक्याने एकदम हेच धरलं. काम असलेली गाडी दारात आली तर हा उठेल. नाही उठला तर मग काहीच उरलं नाही.

लेक परगावी होती. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की आई, तुला गाडीतलं शिवणापलीकडे काय कळतं, निदान कुणाला तरी बरोबर ने. पण बरोबर नेण्यासारखा माणूस एकच होता आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

ती एकटी गेली. त्याचं जे जे कानावरून गेलेलं ते सगळं वाटेत आठवत गेली. गाडी उन्हात बघायची. इंजिन थंड असताना सुरू करायला लावायचं. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा, जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. खाली वाकून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

गाडी शेडमध्ये उभी होती, नव्या रंगात चकचकीत. मोजणीदार मृदू बोलणारा, कॉलर झिजलेला माणूस होता. तिने बॉनेटवर तळवा ठेवला तर ते कोमट होतं. तो म्हणाला की तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून ठेवली. तिने मान डोलावली. चुंबक दारांना चिकटला, छताला चिकटला, दाराखालच्या पट्टीवर मात्र टपकन खाली पडला. तेवढी जागा जरा भरून घेतली आहे, मोजणीदार म्हणाला. तिने पुन्हा मान डोलावली. इंजिन मात्र एका चावीत लागलं आणि एकसारखं वाजत राहिलं.

मग तिने सवयीने मागची सीट उचलली.

इथे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. सीटचं कापड नवं होतं, पण खालचा काथ्या जुनाच होता आणि त्यावर चार बोटं उंचीची तपकिरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली होती. खालच्या स्प्रिंगा गंजून एकमेकींना धरून बसल्या होत्या. गाडी पाण्यात उभी राहिली होती, तासभर नाही, कित्येक दिवस. सीटपर्यंत पाणी चढलं म्हणजे खालच्या चासीचं, गाडीच्या सांगाड्याचं काय झालं असेल, हे गादीवालीला सांगायला कानसेन लागत नाही. मोजणीदार तिच्याकडे बघत होता. त्यालाही ठाऊक होतं, आणि हिला कळलं हेही त्याला ठाऊक होतं.

"बाई, नको असेल तर राहू द्या," तो हळूच म्हणाला.

तिने सीट खाली दाबून बसवली. "मला हवीय," ती म्हणाली. खाली वाकून बघितलं नाही. मुदत ठेव मोडली आणि तिसऱ्या दिवशी गाडी दुकानासमोर आली.

त्याला दुकानावरच्या खोलीतून खाली आणायला टायरवाला आणि त्याचा भाऊ लागले. गोल दिवे दिसले तसा तो खुर्चीत ताठ झाला. आठ महिन्यांत तिने तो चेहरा पाहिला नव्हता. डावा हात पुढे करून त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला, बॉनेट उघडायला लावलं, इंजिन ऐकलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकतच राहिला. तिला वाटलं, झालं, जिंकलो. मग त्याने टायरवाल्याला खूण करून खुर्ची दाराखालच्या पट्टीजवळ नेववली आणि स्क्रूड्रायव्हर आत दाबला. तो मुठीपर्यंत गेला, भाकरीत जावा तसा. लाल भुगा त्याच्या पायावर सांडला. त्याने आणखी तीन ठिकाणी दाबून पाहिलं. मग दार उघडून डाव्या हाताने सीट ओढली, रेघ पाहिली आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

पत्र्यातलं तिला कळलं नाही, हे चाललं असतं. पण काथ्या तिचा होता.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "दिसलं होतं, तरी घेतली. तुम्ही गोळ्या लपवता. मग मी काय करू? सांगा ना, मी काय करायचं होतं?"

त्याने स्क्रूड्रायव्हर रस्त्यावर फेकला. टायरवाला आणि त्याचा भाऊ कुठे बघावं ते न कळून आपल्या दुकानात गेले. तो रडत होता, आवाज न करता, अर्ध्याच चेहऱ्याने. ती भरदिवसा फुटपाथवर बसली. येणारेजाणारे वळसा घालून गेले. पुष्कळ वेळाने त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मायेचा होता की उठायला आधार म्हणून ठेवला होता, ते तिला तेव्हाही कळलं नाही.

चासी वाचण्यातली नव्हती. मोजणीदाराने गाडी परत घेतली असती कदाचित, पण तिने त्याला विचारलंच नाही, कोणत्या तोंडाने विचारणार. आठवडाभर गाडी तशीच उभी राहिली. मग एका दुपारी ती सीट उसवायला बसली, निदान कापड तरी कामाला येईल म्हणून, तर वर खिडकीत तो काठीने गज बडवत होता. त्याला खाली आणलं. त्याने दिव्याच्या कडीकडे बोट दाखवलं, मग स्क्रूकडे, मग तिच्याकडे. सगळं जोडत आलेल्या माणसाने गाडी सुटी करायला घेतली.

चार महिने लागले. तो दाखवायचा, ती फिरवायची. ज्या बोल्टला तिचा जोर पुरायचा नाही त्याला तो चिडून स्वतः पाना लावायचा आणि बहुतेक वेळा पाना निसटून त्याचीच बोटं सोलपटायची. काही दिवस तो यायचाच नाही, पुन्हा भिंत. अशा दिवशी तिला वाटायचं आपण मेलेल्या जनावराचं कातडं काढत बसलोय. गोळ्यांनंतर ती बोट घालून बघायची, ते तिने या चार महिन्यांतही सोडलं नाही. पण ज्यांच्याकडे तसल्या गाड्या होत्या त्यांना कुठूनतरी खबर लागली. कोणी दारांच्या बिजागऱ्या नेल्या, कोणी काचा, कोणी स्टिअरिंगचं चाक. इंजिन एका दातांच्या डॉक्टरने नेलं. त्याने नंतर फोन करून सांगितलं की गाडी झक्क चालते, बघायला या, मी न्यायला येतो. कानसेनने मान हलवून नाही म्हटलं.

सांगाडा भंगारवाल्याने ओढून नेला त्या दिवशी ती दुकानाच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आता हा पुन्हा आडवा होणार म्हणून. तो खुर्चीतच बसून राहिला, संध्याकाळपर्यंत, रिकाम्या जागेकडे बघत. जेवणाचं ताट आणलं तेव्हा त्याने अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली बाजूला सारली. तिने आग्रह केला नाही. ताट घेऊन ती आत गेली आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी सीटा शिवून द्यायच्या होत्या म्हणून मशीनला तेल घालायला बसली.