चोरीची वेल

बायजाबाईंच्या घरी मागितलं तर जेवायचं ताट मिळेल. मनीप्लांटची फांदी मात्र मागून मिळायची नाही. ती चोरायची. हा कायदा त्यांच्या नवऱ्याचा, शिवरामचा. गडी बेलापूरच्या एका कचेरीत शिपाई. लिंबू-मिरची टांगणाऱ्याला भर रस्त्यात चार शब्द सुनावणारा, विहारात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारा. पण मनीप्लांटचा विषय निघाला की त्याचं सगळं विज्ञान खुंटीला टांगलेलं. मागून आणलेला लागत नाही म्हणजे नाही. शिवाय त्यानं स्वतःची एक अट जोडली होती: फांदी कापल्यापासून ती पाण्यात पडेपर्यंत चोराकडे कुणी बघायचं नाही. मालकानं नाही, चोराच्या घरच्यांनीही नाही. साहेबांच्या केबिनमधली पहिली फांदी शर्टात लपवून आणली, तेव्हा तो दारातूनच म्हणाला होता, "पाठ कर गं." बायजाबाई पिठाच्या हातांनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढे संसारभर त्या अशाच उभ्या राहत आल्या, कुरकुरत आणि हसत.

कोपरखैरण्याच्या त्या इमारतीत मजल्या-मजल्यावर याच वेलीची पिल्लं होती. शिवराम पेराखाली तिरका काप घ्यायचा, खालचं पान खुडायचा, जॅमच्या बाटलीत पाणी भरून फांदी ठेवायचा आणि मुळं फुटली की बाटल्या जिन्यात मांडून दार लावून घ्यायचा. शेजाऱ्यांना निवांत चोरता याव्यात म्हणून.

मागच्या वर्षी शिवराम गेला. त्याच्यामागून घरातली वेल पिवळी पडायला लागली. बायजाबाईंनी हिरव्या राहिलेल्या फांद्या कापल्या, पाणी बदलत राहिल्या, बाटल्या खिडकीच्या उजेडात सरकवल्या. तरी देठ काळे, बुळबुळीत होत गेले. वरच्या मजल्यांवर वेली तरारलेल्या, आणि मूळ घरात कुजका वास. का, ते त्यांना एका सकाळी पाणी ओतताना उमगलं. आपल्याच घरात आपण चोरी करणार कशी? ही वेल गेली की शिवरामच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरणार नव्हतं. म्हणून शेवटची फांदी मान टाकायला लागली तेव्हा, जन्मात कुणाची काडी न उचललेल्या बायजाबाई पदराखाली कात्री घेऊन भरदुपारी तिसऱ्या मजल्यावर चोरीला निघाल्या.

तिथे ईश्वरी राहायची. नवी भाडेकरू, महाप्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारी. आधीच्या भाडेकरूंनी गॅलरीत सोडून दिलेली वेल तिला आयतीच मिळाली होती. शिवरामला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"या ना काकू," ती कानातला हेडफोन काढत म्हणाली. "पण फांदी तर काका आत्ताच घेऊन गेले. जिन्यात नाय भेटले?"

"कोन काका?"

"तुमचेच ना? खाली राहतो म्हणाले. पोरी, पाठ कर, बघितलंस तर लागत नाय, असं म्हणाले. मला हसूच आलं. मागं वळते तर काका गायब."

गॅलरीतल्या वेलीला पेराच्या खाली तिरका काप होता आणि त्यातून अजून पाणी येत होतं. जिना एकच. त्यात बायजाबाईंना कुणी भेटलं नव्हतं. त्या कठड्याला धरून खाली उतरल्या.

दाराला त्यांनीच लावलेलं कुलूप तसंच होतं. ते काढून आत पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघरात नळ सुटला. कुणीतरी बाटली विसळत होतं. विसळून पाणी फेकलं, मग बाटली भरायला लागली.

"पाठ कर गं." आवाज नेहमीचाच, जरा घाईतला.

बायजाबाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांची सवय, पाय आपसूक वळले. त्यांना भीती वाटत होती आणि त्याहून जास्त, रडू येत होतं. मागे पाण्याचा आवाज बारीक होत चालला होता. आणखी जरा वेळ उभं राहायचं, एवढंच. फांदी पाण्यात पडली असती, मुळं धरली असती, खिडकीभर पसरली असती. आणि मग वळून बघायला तिथे कुणी असलं नसतं.

"मरू दे ती वेल," बायजाबाई म्हणाल्या आणि वळल्या.

वेल लागली नाही. त्या बाटलीतला देठही काळा पडला आणि त्यांनी तो निमूटपणे फेकून दिला. ईश्वरी आता अधूनमधून खाली चहाला येते. त्या दुपारचं बायजाबाईंनी तिला सांगितलं होतं, वळल्या तिथपर्यंत. एकदा तिला राहवलं नाही. काय दिसलं, तिनं विचारलं.

बायजाबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"म्हातारे झालेत गं," त्या म्हणाल्या. "दाढी वाढलीय. तिकडं कोन बघतंय त्यांच्याकडं?"