चौथ्या बाटलीतली दोन बोटं

माझी आत्या प्रयोगशाळेत पेशींना जेवू घालते. ती मान तिरकी करून सांगते, "एकवीस वर्षं झाली, एकीनंही कधी तोंड वाकडं केलं नाही. नाहीतर तुझे काका!"

जेवण म्हणजे बाटलीतलं गुलाबी पाणी, त्यात साखर, क्षार वगैरे. जेवणाऱ्या म्हणजे उंदराच्या गर्भातल्या कोवळ्या मूळपेशी. यांच्यापासूनच पुढे सगळं रक्त बनतं. पण बशीत ठेवलं की त्या घाईघाईनं मोठ्या होतात, मूळपेशी उरतच नाहीत. त्यांना लहान कसं ठेवायचं, यावर तिथल्या संशोधक बाई चार वर्षं डोकं फोडत होत्या. या वेळी त्यांनी चौथ्या बाटलीत एक नवं औषध घातलं होतं.

एका सोमवारी बाई उड्या मारतच आल्या. (बाईंचा आवाज काढायचा तर नाक चिमटीत धरायचं.) "ताई, टिकल्या हो! चौथ्या बाटलीवरच्या सगळ्या टिकल्या! औषध लागू पडलं!"

आत्याला ती बाटली चांगलीच आठवत होती. ती भरताना गुलाबी पाणी जरा कमी पडलं होतं आणि शेजारी बिनसाखरेचं थोडं उरलं होतं. घरी कालची भाजी आजच्यात ढकलणारी बाई ती! हात आपोआप वळला होता आणि उरलेलं त्यात ओतून मोकळा झाला होता.

संध्याकाळी तिनं घरी हे सांगितलं, तर काका पेपराआडून म्हणाले, "गप्प बस. एकवीस वर्षांची नोकरी घालवशील."

"आणि ते औषध उद्या कुणाच्या आजारी लेकराला दिलं तर?"

पेपर खाली आला.

मंगळवारी तिनं सांगून टाकलं. बाईंचा आवाज म्हणे तेव्हा नाकातून आलाच नाही. "किती ओतलंत?"

"कमी पडलं तेवढंच."

"म्हणजे किती?"

आत्यानं दोन बोटं आडवी धरली. बाईंनी पट्टी काढली आणि चक्क तिची बोटं मोजली.

मग नव्यानं बशा मांडल्या: काहींना नुसतं औषध, काहींना नुसती दोन बोटं. "जनुकं सगळ्यांत तीच असतात हो ताई," बाई म्हणाल्या, "पण कुठली जागी होणार, ते पेशी काय खाऊन कशी जगते त्यावरही असतं."

नऊ दिवसांनी औषधवाल्या मोठ्या होऊन बसल्या होत्या. दोन बोटंवाल्या बऱ्याचशा अजून लहानच! पुन्हा पुन्हा करून बघायचंय, पण बाईंनी नव्या बाटलीवर स्वतः चिठ्ठी चिकटवली: 'ताईंची दोन बोटं. फक्त ताईंनीच भरावी.'

मोरीवर मात्र दुसरी चिठ्ठी आहे: 'उरलेलं ओतून द्या.' आत्या घरीही तसंच करते, आणि ताजी भाजी बघून काका विचारतात, "कालची काय वाईट होती?"